डीव्हीडी रायटर थंड कसा ठेवावा: हवा ड्राइव्हच्या आतून नको, अंगावरून हवी

सलग आठ-दहा डिस्क लिहून झाल्या की डीव्हीडी रायटर चुका करायला लागतो. बाहेर आलेली डिस्क हाताला चांगलीच कोमट लागते. मग पहिली कल्पना सुचते ती ड्राइव्हच्या झाकणाला भोकं पाडून मागे पंखा बसवायची. ती सोडून द्या. ड्राइव्हच्या पोटातून हवा खेळवली की तिच्याबरोबर धूळ लेन्सवर येते, आणि धुळकट लेन्सचा रायटर थंड असूनही डिस्क बिघडवतो. उष्णता धातूच्या झाकणापर्यंत आणायची आणि झाकणावरून हवा वाहू द्यायची, एवढंच काम आहे. ते कॅबिनेटमध्ये, बाहेरच्या डब्यात आणि डुप्लिकेटर टॉवरमध्ये (एका वेळी अनेक प्रती काढणाऱ्या, बऱ्याच रायटरच्या खोक्यात) कसं करायचं ते खाली दिलं आहे. लॅपटॉपच्या स्लिम ड्राइव्हबद्दल थोडंच लिहिलंय, कारण तिथे करण्यासारखंही थोडंच असतं.

उष्णता येते कुठून

डेस्कटॉपच्या 5.25 इंची खणात बसणाऱ्या रायटरमध्ये उष्णतेच्या चार जागा असतात: डिस्क फिरवणारी स्पिंडल मोटर, तिला वीज पुरवणारी ड्रायव्हर चिप, मुख्य कंट्रोलर चिप आणि लेसर पिकअप (लेसर आणि लेन्स असलेला सरकता भाग). डिस्क स्वतःही हवा घुसळून थोडी उष्णता तयार करते. डीव्हीडी 16 एक्सने, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पटीने, लिहिताना डिस्क मिनिटाला 9,000 हून जास्त फेरे घेते, म्हणजे 120 मिलिमीटरच्या डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या पुढे धावते. मोटरची बरीच ताकद ही हवा ढकलण्यातच जाते आणि शेवटी आतच उष्णता होऊन उरते.

म्हणजे ड्राइव्हमध्ये हवा हलत नाही असं मुळीच नाही. फिरती डिस्क हाच आतला पंखा आहे. तिच्या दोन्ही अंगांना चिकटलेली हवा बाहेरच्या बाजूला फेकली जाते, झाकणाला घासत मध्याकडे परत येते आणि पुन्हा फेकली जाते. आतली हवा अशी सतत ढवळलेली असल्यामुळे उष्णता झाकणाच्या पत्र्यापर्यंत आपोआप पोचते. अडतं ते पुढे: पत्र्याच्या बाहेर हवा निपचित असते.

ड्राइव्हच्या लेबलवर 5 व्होल्ट आणि 12 व्होल्टचे आकडे असतात. दोन्हींपुढे 1.5 अँपिअर असेल तर बेरीज साधारण 25 वॉट होते, पण ती कमाल मर्यादा, डिस्क वेग घेताना क्षणभर लागणारी. हिशेबासाठी लिहिताना सरासरी 10 वॉट धरा. आकडा लहान वाटतो, पण बंद डब्यात तो सहज त्रास देतो.

लेसरला गरमीचा त्रास का होतो

लेसर डायोड तापला की तेवढाच उजेड द्यायला त्याला जास्त करंट लागतो. ड्राइव्हमधलं नियंत्रण सर्किट उजेड मोजत असतं, ते करंट वाढवतं. वाढलेल्या करंटने डायोड आणखी तापतो, आणि आयुष्य कमी होतं ते इथेच.

दुसरा परिणाम लिहिण्यावर होतो. डीव्हीडीचा लाल लेसर साधारण 650 नॅनोमीटरचा, सीडीचा 780 चा. हे दोन्ही तापमानाच्या दर अंशाला सुमारे 0.2 ते 0.3 नॅनोमीटरने लांब तरंगलांबीकडे सरकतात. तापमान 25 अंश चढलं तर पाच-सहा नॅनोमीटरचा फरक पडतो. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडीतल्या डायचं (ज्यावर खुणा उमटतात त्या रंगद्रव्याचं) प्रकाशशोषण याच पट्ट्यात भरभर बदलतं, त्यामुळे सुरुवातीला बरोबर असलेली लेसरची ताकद नंतर कमी पडते. ड्राइव्ह सुरुवातीला डिस्कच्या आतल्या भागात चाचणी खुणा लिहून ताकद ठरवतो आणि लिहिता लिहिता ती सुधारतही राहतो. पण सुधारणेला मर्यादा असते. ती संपली की डिस्कच्या बाहेरच्या कडेला चुका वाढतात. ब्लू-रेचा 405 नॅनोमीटरचा लेसर तापमानाने कमी सरकतो, पण तिथला ठिपका इतका बारीक असतो की बाकीच्या चुका खपवून घ्यायला जागाच कमी उरते.

आधी खात्री करा: दोष गरमीचाच आहे का

अर्ध्या वेळा तो नसतोच. ड्राइव्ह तासभर बंद ठेवून थंड होऊ द्या आणि नेहमीच्या वेगाने एक डिस्क लिहा. मग न थांबता आणखी चार-पाच लिहा. पहिली चांगली आणि पुढच्या क्रमाने बिघडत गेल्या तर गरमी. पहिलीच बिघडली तर लेन्स, लेसर किंवा डिस्कचा माल. चुका फक्त बाहेरच्या कडेला असतील तर तीच डिस्क 4 एक्सने लिहून बघा. तरीही कड खराब असेल तर डिस्क वाकडी आहे, किंवा त्या बॅचचा डायच कडेला नीट पसरलेला नाही. पंख्याने ते सुधारत नाही.

यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हबाबत आणखी एक घोळ होतो. यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. लिहिताना त्यापेक्षा जास्त लागतं, लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, ड्राइव्ह मध्येच गायब होतो आणि दोष जातो गरमीवर. आखूड केबल, दोन टोकांची वाय केबल किंवा वेगळा अडॅप्टर लावून आधी ही शंका काढून टाका.

मोजणी

मोजल्याशिवाय काही बदलू नका, नाहीतर फरक पडला की नाही हे कधीच कळणार नाही. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चालणारा मल्टिमीटर पुरतो. थर्मोकपलचं टोक कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) तीन ठिकाणी आळीपाळीने चिकटवा: वरच्या झाकणाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर जिथे बोटाला सर्वांत गरम लागतं तिथे, आणि ड्राइव्हच्या मागे दोन सेंटिमीटरवर मोकळ्या हवेत. चौथी मोजणी खोलीतल्या हवेची.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर धरू नका. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे आकडा खोटा, बहुधा कमी येतो. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तीन सेंटिमीटरचा चौकोन चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्यावर नेम धरा.

अर्धा तास सलग काम देऊन आकडे टिपा. खोलीचं तापमान वजा करून उरतो तो फरकच महत्त्वाचा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, कारण जानेवारीतला आणि मे मधला आकडा वेगळा येणारच. बहुतेक ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालू असतानाची मर्यादा 45 किंवा 50 अंश दिलेली असते आणि ती ड्राइव्हभोवतीच्या हवेची असते. खणातली हवा 40 च्या आत आणि पत्रा 50 च्या आत राहिला तर बिनधास्त लिहा. त्यावर गेलं तर पुढचं वाचा.

फुकटातला उपाय: वेग

हवेचं घर्षण वेगाबरोबर भयानक वाढतं. फेरे निम्मे केले तर हवा घुसळण्यावर जाणारी ताकद सुमारे सातव्या हिश्शावर येते. सीडी-डीव्हीडी वाचून संगणकात उतरवताना याचा सरळ फायदा होतो. वाचायचा वेग 16 वरून 8 एक्सवर आणा, ड्राइव्ह शांतही होतो आणि थंडही राहतो. लिनक्सवर 'इजेक्ट' कमांडच्या वेगाच्या पर्यायाने हे करता येतं. विंडोजवर बऱ्याच रिपिंग प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते.

लिहिण्याचं गणित थोडं वेगळं आहे. पूर्ण 4.7 जीबीची डीव्हीडी 16 एक्सने पाच-सहा मिनिटांत होते, 8 एक्सने साधारण आठ, 4 एक्सने पंधराच्या आसपास. 16 एक्सला डिस्क शेवटपर्यंत त्याच भरधाव फेऱ्यांनी फिरते, आणि कडेला पोचेपर्यंत लेसरलाही सर्वांत जास्त ताकद लावावी लागते. म्हणजे ड्राइव्ह सर्वांत तापलेला असतो तेव्हाच सर्वांत कठीण काम. 8 एक्सला बहुतेक ड्राइव्ह आतल्या बाजूला जोरात सुरू होतात, पण कडेकडे सरकताना फेरे उतरत मिनिटाला 4,600 च्या आसपास येतात. तीन मिनिटं जास्त देऊन तुम्ही नेमका शेवटचा, घातक भाग हलका करता. चांगल्या मालाच्या डिस्कवर 8 एक्स हा रोजचा वेग ठेवावा. 16 एक्सचा हट्ट कशासाठी धरतात हे कोडंच आहे.

किती हवा लागते

समुद्रसपाटीजवळच्या हवेसाठी एक सोपं सूत्र आहे: ताशी घनमीटर = 3 × वॉट ÷ हवेच्या तापमानातली चालणारी वाढ. दहा वॉटचा एक ड्राइव्ह, हवा पाच अंश तापलेली चालेल, तर 3 × 10 ÷ 5 = ताशी 6 घनमीटर, पंख्यांच्या भाषेत साडेतीन सीएफएम (मिनिटाला घनफूट). 5.25 इंची मोकळा खण 146 × 41 मिलिमीटरचा, म्हणजे 60 चौरस सेंटिमीटरचा. जाळीने निम्मी जागा अडली तरी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर निघतो. हाताला जेमतेम जाणवेल एवढीच झुळूक.

दहा ड्राइव्हच्या टॉवरला मात्र 35 सीएफएम लागतात. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि केबलींच्या गर्दीत त्याचा निम्मा धरा, म्हणजे 70 सीएफएम लिहिलेला एक किंवा 40 चे दोन पंखे.

कॅबिनेटमधली मांडणी

जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वर मागे आणि डीव्हीडी रायटर वर पुढे असतो. खालच्या प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डची गरम हवा वर चढते आणि रायटरच्या मागे साचते. हा कोपरा जवळपास सगळ्या कॅबिनेटमध्ये मेलेला असतो.

रायटरच्या लगेच खालचा खण रिकामा करा. तिथे हार्ड डिस्क असेल तर ती खाली हलवा. दोघं एकमेकांना भाजतात. रिकाम्या खणाची बंद प्लास्टिक पट्टी काढून जाळीची पट्टी लावा आणि तिच्या आत विरळ छिद्रांचा, पाच मिलिमीटर जाडीचा फोम फिल्टर. मागच्या वरच्या बाजूचा 120 मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकत असेल तर आता त्याला या जाळीतून सोपी वाट मिळते आणि हवा रायटरच्या खालच्या पत्र्याला घासत जाते. मोटरची ड्रायव्हर चिप बहुधा याच पत्र्याला उष्णता देते, म्हणून खालचा खण मोकळा हवा, वरचा नव्हे.

हवा खणात शिरल्यावर लगेच खाली सांडून पळू नये म्हणून खणाच्या तळाशी अर्धा मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची शीट लावा, ड्राइव्हच्या लांबीइतकी, साधारण 17 सेंटिमीटर. साटाच्या (डेटा नेणाऱ्या) आणि विजेच्या केबली शीटच्या मागे एका बाजूला बांधा. मागून रुंद वीज-केबलींचा गुंडाळा आडवा आला तर वरची सगळी मेहनत वाया.

तीन खण सलग रिकामे असतील तर त्यात 120 मिलिमीटरचा पंखा बरोबर मावतो, कारण तीन खणांची उंची 124 मिलिमीटर होते. हा पंखा हवा आत घेणारा ठेवा, मिनिटाला 800 ते 1,000 फेऱ्यांवर. एका खणात तीन 40 मिलिमीटरचे पंखे बसवलेले तयार कूलर मिळतात. ते किंचाळतात आणि त्यांच्या बारीक बेअरिंग लवकर जातात. टाळा.

स्क्रूंची गंमत वेगळीच. ऑप्टिकल ड्राइव्हला बारीक आट्याचे एम3 स्क्रू लागतात, हार्ड डिस्कला जाड आट्याचे. हार्ड डिस्कचा स्क्रू जोर लावून रायटरमध्ये घातला की आटे कापले जातात. लांबी 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आतल्या यंत्रणेला टोचतो. प्लास्टिकच्या खटक्यांवर ड्राइव्ह बसवलेला असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू लावून कॅबिनेटच्या पत्र्याशी घट्ट जोडा. पत्र्यातून उष्णता जायला वाट मिळते आणि कंपही कमी होतो.

दाबाची चाचणी

हवा बाहेर फेकणारे पंखे जास्त आणि आत घेणारे कमी असले की कॅबिनेटमध्ये दाब कमी होतो आणि हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. ट्रेभोवतीची फट ही त्यातली एक. तिथून आलेली हवा थेट लेन्सवरून जाते. रोज वापरात नसलेल्या रायटरची लेन्ससुद्धा वर्षा-दोन वर्षांत धुळीने आंधळी होते ती यामुळेच.

टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा सुटा करून 1 × 5 सेंटिमीटरची पट्टी कापा आणि ट्रेच्या वर चिकटवून फटीसमोर लोंबती सोडा. कॅबिनेट बंद, सगळे पंखे नेहमीच्या वेगात. पट्टी फटीकडे ओढली गेली तर दाब कमी आहे. स्थिर राहिली किंवा किंचित बाहेर ढकलली गेली तर ठीक. या चाचणीला उदबत्ती वापरू नका. धुराचे कण चिकट असतात आणि लेन्सवरच जाऊन बसतात. देवघराशेजारी संगणक ठेवला असेल तर तो हलवणंही याच कामात मोजा.

पट्टी आत ओढली जात असेल तर मागच्या पंख्याचा वेग कमी करा किंवा पुढे फिल्टरसह आत घेणारा पंखा वाढवा. फटीवर चिकटपट्टी लावून भागवू नका, ट्रे अडकतो आणि डिंक रबरी पट्ट्यांवर उतरतो.

ड्राइव्ह उघडून थर्मल पॅड तपासणं

वरचं सगळं करूनही खालच्या पत्र्याचं तापमान कमी आणि ड्राइव्ह मात्र बिघडतोय असं दिसलं, तर चिपची उष्णता पत्र्यापर्यंत पोचतच नसेल. बहुतेक रायटरमध्ये चिप आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये मऊ थर्मल पॅड असतं. वर्षांनी ते कडक होतं किंवा सुटतं. उघडण्याआधी लक्षात ठेवा: वॉरंटी जाते, आणि झाकण उघडं असताना ड्राइव्हला वीज कधीही लावायची नाही. डीव्हीडी रायटरच्या लेसरची ताकद डोळा कायमचा अधू करण्याएवढी असते आणि सीडीचा लेसर तर डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.

1. दोन्ही केबली काढा. पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे थोडा बाहेर ओढा आणि ट्रेची पट्टी वर सरकवून काढा.
2. ड्राइव्ह मऊ कापडावर उलटा ठेवा. खालचे चार स्क्रू एक नंबरच्या प्लस टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. एखादा स्क्रू स्टिकरखाली असू शकतो.
3. पत्रा मागच्या बाजूने हळू उचला. तो चिकटल्यासारखा वाटला तर पॅड धरून आहे. ओढू नका, किंचित हलवत सोडवा.
4. पॅडवर चिपचा चौकोनी ठसा स्पष्ट उमटलाय का बघा. ठसा पुसट किंवा एका बाजूलाच असेल, पॅड बोटाने दाबून दबत नसेल, तर बदला.
5. चिप आणि पत्र्यातलं अंतर मोजायला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा हरभऱ्याएवढा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिपवर ठेवा, पत्रा बसवून स्क्रू आवळा, पुन्हा उघडून चपटा झालेला गोळा व्हर्नियरने मोजा.
6. अंतराच्या सव्वापट जाडीचं पॅड घ्या. अंतर 1.2 मिलिमीटर निघालं तर 1.5 चं. चिपच्या आकाराचं कापा, दोन्ही बाजूंची फिल्म काढा, बसवा.

पॅडची उष्णतावाहकता 3 ते 6 वॉट प्रति मीटर-केल्विन पुरते. याहून महागडी बहुतेक पॅड कडक असतात, आणि इथे मऊपणा जास्त महत्त्वाचा. कडक किंवा जास्त जाड पॅडने सर्किट बोर्ड वाकतो, चिपचे टाके तडकतात. तेल सोडणारं स्वस्त सिलिकॉन पॅडही नको. त्याची वाफ बंद डब्यात लेन्सवर पातळ थर धरते. प्रोसेसरची थर्मल पेस्ट एक मिलिमीटरच्या पोकळीत भरणं तर सरळ बिघडवणंच आहे. ती केसाएवढ्या फटीसाठी बनलेली असते.

पत्रा लोखंडी आणि पातळ असतो, त्यामुळे उष्णता चिपच्या खालच्या जागीच साचते, चारी बाजूंना लवकर पसरत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या चार-पाच पट वेगाने उष्णता वाहून नेतं. खालचा खण रिकामा असेल तर दीड मिलिमीटर जाडीचा, 10 × 10 सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा उष्णतावाहक दुहेरी टेपने पत्र्याला बाहेरून चिकटवा. कडा घासून गुळगुळीत करा. पंख्याचा झोत आणि हा तुकडा एकत्र असले तरच फायदा दिसतो. निपचित हवेत फरक जेमतेम पडतो.

वरच्या झाकणाला हात लावू नका. डिस्क दाबून धरणारी चकती बऱ्याच ड्राइव्हमध्ये त्याच्याच आधाराने बसते, आणि तडा गेलेली डिस्क भरवेगात फुटली तर तुकडे अडवणारं तेच असतं. भोकं पाडताना उडालेला लोखंडी भुगा लेन्सभोवतीच्या चुंबकाला चिकटतो आणि परत निघत नाही.

उघडलंच आहे तर लेन्स पुसण्याचा मोह होईल. हवा मारायच्या रबरी फुग्याने दोन-तीन फुंकरी पुरतात. डाग असेल तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेला कापसाचा बोळा, आणि दाब जवळपास शून्य, कारण लेन्स बारीक तारांवर तरंगत असते. गॅरेजमधला कॉम्प्रेसर नको. नेलपॉलिश रिमूव्हर तर चुकूनही नको, ॲसिटोनने प्लास्टिकची लेन्स धुरकट होते.

बाहेरचा डबा

डेस्कटॉपचा रायटर यूएसबी डब्यात बसवून वापरणाऱ्यांचा त्रास सर्वांत मोठा असतो, कारण स्वस्त डबे बंद प्लास्टिकचे असतात. ॲल्युमिनियमचा डबा असेल तर ड्राइव्हच्या बाजू त्याला स्क्रूने घट्ट जोडा आणि डबा उभ्या खाचांच्या स्टँडवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. त्यावर वह्या, फाइली, राउटर ठेवू नका.

प्लास्टिकच्या डब्याला मागे 40 मिलिमीटरचा, 5 व्होल्टचा पंखा बसवता येतो. बारा व्होल्टचा पंखा पाचवर जोडला तर बरेचदा सुरूच होत नाही, म्हणून पाचचाच आणा. तो फिल्टरमधून हवा आत ढकलणारा असू द्या. पुढच्या दोन्ही बाजूंना मिळून पंख्याच्या तोंडाच्या दीडपट जागेची भोकं पाडा: 40 मिलिमीटरचं तोंड साधारण 12 चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे भोकं मिळून 18 चौरस सेंटिमीटर. बाहेर जायची वाट ऐसपैस असली की हवा ड्राइव्हच्या पोटातून वाट काढत नाही. हे काम अर्थातच ड्राइव्ह आणि सर्किट बाहेर काढून करायचं. पंखा रबरी खुंट्यांवर बसवा. त्याचा कंप लेन्सच्या यंत्रणेपर्यंत गेला तर वाचनाच्या चुका वाढतात.

डुप्लिकेटर टॉवर

लग्नाच्या डीव्हीडी काढणाऱ्या स्टुडिओंत सात ते अकरा रायटरचे टॉवर असायचे, काही अजून चालू आहेत. यात ड्राइव्ह एकावर एक खेटून बसवलेले असतात, मधल्यांना वरून-खालून शेजाऱ्याची गरमी मिळते. मागचा पंखा हवा बाहेर फेकतो आणि ती येते कुठून, तर सगळ्या ट्रेंच्या फटींतून.

इथे पंखा उलटा करण्यापेक्षा बाजूच्या पत्र्यावर फिल्टरसह 120 मिलिमीटरचे दोन पंखे आत हवा घेणारे लावा, खालच्या आणि मधल्या उंचीवर, आणि मागचा पंखा तसाच ठेवा. टिश्यूची चाचणी सर्वांत वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर घ्या. मापनही मधल्या ड्राइव्हचं, कारण सर्वांत गरम तोच. काही ड्राइव्ह बिघडून बंद असतील तर चालू ड्राइव्ह सलग न ठेवता मेलेले मध्ये घाला, किंवा काढूनच टाका आणि तिथे जाळीची पट्टी लावा.

डिस्क लिहिण्याच्या दर चार-पाच फेऱ्यांनंतर दहा मिनिटं थांबा. त्या वेळेत ट्रे बंद ठेवा, डिस्क आत नको. ट्रे उघडे ठेवून थंड करण्याची सवय वाईट. धूळ आत जाते आणि थंड काही होत नाही, कारण चिपा ट्रेखाली असतात.

स्लिम ड्राइव्ह आणि हवामान

लॅपटॉपचा 12.7 किंवा 9.5 मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह फक्त 5 व्होल्टवर चालतो, स्वतः फार तापत नाही. तापतो तो शेजारच्या मदरबोर्डमुळे. लॅपटॉप गादीवर नको, स्टँडवर हवा. लिहिताना दुसरं जड काम चालू नको. 4 एक्स वेग ठेवा. यापलीकडे काही नाही.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना खोलीतली हवाच 38-40 ची असते. तिथे कितीही पंखे लावले तरी ड्राइव्ह खोलीपेक्षा थंड होणार नाही. लिहायचं काम पहाटे उरका. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. पाण्याचे बारीक थेंब आले तर क्षार मागे राहतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. एसीच्या खोलीतला गार ड्राइव्ह बाहेरच्या दमट हवेत आणला की लेन्सवर दव धरतं आणि डिस्क ओळखलीच जात नाही. चालू करण्याआधी तास-दीड तास तसाच राहू द्या.

फरक पडला का

तेच काम, तोच वेग, तोच अर्धा तास देऊन तापमानाचा फरक पुन्हा मोजा. त्यानंतर थंड ड्राइव्हवर लिहिलेली पहिली आणि सलग लिहिलेली पाचवी डिस्क, दोन्ही एकाच पाकिटातल्या, स्कॅन करा. नीरो डिस्कस्पीड, ऑप्टि ड्राइव्ह कंट्रोल किंवा लिनक्सवरचं क्यूपीएक्सटूल हे काम करतात, मात्र प्रत्येक ड्राइव्ह चुका मोजून देत नाही. लाइटऑन कंपनीचे बरेच देतात. डीव्हीडीत पीआय चुका (वाचताना दुरुस्त होणाऱ्या) 280 च्या आत आणि पीआयएफ (पहिल्या दुरुस्तीतून सुटलेल्या) 4 च्या आत हव्यात. सीडीत सी1 (सहज दुरुस्त होणाऱ्या चुका) ची सरासरी सेकंदाला 220 च्या आत, सी2 (त्याहून गंभीर) शून्य. मर्यादेत बसणं पुरेसं नाही, दोन डिस्कांचे आलेख एकमेकांवर ठेवून बघा. पाचवीची बाहेरची कड पहिलीसारखीच दिसू लागली तर काम झालं.

तापमान उतरूनही पाचवी डिस्क खराबच येत असेल, तर लेसर म्हातारा झालाय आणि ड्राइव्ह बदलायलाच हवा. नव्याला पहिल्या दिवसापासून वरची मांडणी द्या, आणि फिल्टरचा फोम दर महिन्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवा.